गिरणी बघून घर

आई नाशिकला यायला तयार नव्हती. पप्पा तयार होते, कारण पप्पा निवृत्त शिक्षक आहेत आणि वर्तमानपत्र वेळेवर आलं की त्यांना कुठलंही गाव चालतं. मला दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. आई सटाण्यात सगळ्यांना 'ज्यूसची कंपनी' असं सांगायची. महिनाभर मी पंचवटीत पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. त्या महिन्यात कंपनीबाहेर मी इतकी कमी वाक्यं बोलले की त्यातली बहुतेक मला अजून आठवतात. संध्याकाळी खोलीत एकटी जेवायचे आणि आईला फोनवर सांगायचे, "मस्त चाललंय." आईला ते खरं वाटायचं नाही. मलाही नाही.

शेवटी तिनं अट घातली. "दोन रविवार येईन. तेवढ्यात मला पटेल अशी वस्ती सापडली, तर इथलं घर भाड्यानं देऊन टाकू. नाही सापडली तर तू आहेस तिथं राहा, आणि परत मला विचारायचं नाही."

मी लगेच एक्सेल शीट केली. घाबरले की मी तक्ते करते, ही माझी शाळेपासूनची सवय. कंपनीची बस कुठं थांबते, दवाखाना किती लांब, पाणी रोज की दिवसाआड. नऊ वस्त्या, अकरा रकाने, प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. पहिल्या रविवारी मी लॅपटॉप पोटाशी धरून सीबीएस बसस्थानकावर उभी राहिले. आई बसमधून उतरली ती स्टीलचा एक मोठा डबा घेऊन.

"यात काय आहे?"

"गहू."

"घर बघायला गहू?"

"घर बघायला गेलं की सगळे खोटं बोलतात," आई म्हणाली. "गिरणीत कोणी खोटं बोलत नाही. तिथं एवढा आवाज असतो की ओरडूनच बोलावं लागतं. ओरडून खोटं बोलणं सोपं नसतं, बघ करून."

पप्पा मागे उभे राहून हसत होते. तीन तास तो डबा त्यांच्याच मांडीवर होता.

गंगापूर रोडच्या मागचा फ्लॅट माझ्या तक्त्यात पहिला होता. लिफ्ट, दोन बाल्कन्या, समोर गुलमोहर. आईनं एजंटला एकच प्रश्न विचारला.

"गिरणी कुठंय?"

"गिरणीची गरजच नाही मॅडम. इथे प्रत्येकाकडे घरघंटी आहे."

"मग बायका भेटतात कुठं?"

"क्लब हाउस आहे ना."

"तिथं काय दळतात?"

एजंटनं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

इंदिरानगरच्या बाजूला गिरणी होती, पण तिथं डबा ठेवून चिठ्ठी घ्यायची आणि पीठ घरपोच, अशी पद्धत. आई तरीही बाकावर पाऊण तास बसून राहिली. कोणीच आलं नाही. "पीठ मात्र छान काढलंय," ती उठताना म्हणाली. म्हणजे नाही.

दुसऱ्या रविवारी मी तक्ता खोलीवरच ठेवला. आमच्या कंपनीची बस दिंडोरी रोडनं जाते, आणि 'मेरी' या सरकारी संस्थेच्या पुढे, म्हसरूळच्या अलीकडे, एका कोपऱ्यावर मला येताजाता डब्यांची लांब रांग दिसायची. बाकी त्या कॉलनीबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. आईपप्पांना आणि आईच्या नव्या गव्हाला मी सरळ तिथं नेलं.

दिवाळी तीन आठवड्यांवर होती. रांग दुकानाबाहेर आली होती. आई पायरीवर टेकली आणि दोन मिनिटांत ओरडायला लागली.

"पाणी येतं का हो इथं?"

"येतं की! साडेपाचला!" पुढच्या काकू ओरडल्या.

"सकाळी?"

"मग! झोपायला आलात का इकडं?"

"शेजारी कसे आहेत?"

"शेजारी मीच! बघून घ्या नीट, पुन्हा तक्रार नको!"

सगळी रांग हसली. गिरणीवाला, ज्याच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं, तोही हसला. आणि माझी आई, जी आदल्या रविवारी दिवसभरात एकदाही हसली नव्हती, ती पदर तोंडाला लावून हसत होती. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. बाहेरून मी बहुधा खांबासारखी दिसत असणार.

काकू शेजारच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या खालचा फ्लॅट रिकामा होता आणि किल्ली त्यांच्याकडेच होती. "चला, आत्ता दाखवते," म्हणत त्या आईपप्पांना घेऊन निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "पोरी, माझाही डबा बघ गं."

मी दोन डब्यांची राखणदार झाले.

"बारीक की मध्यम?" गिरणीवाला ओरडला.

मी मान हलवली.

"अहो ताई, मानेवरून काय समजायचं मी?"

"पोळ्यांचं आहे ते, बारीक काढा!" रांगेतून माझ्या वतीनं कुणीतरी ओरडलं.

थोड्या वेळानं त्यानं हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. झालं, घेऊन जा. भिंतीला सहा डबे. सहाही स्टीलचे, सहाही गरम, सगळ्यांवर 'सप्रेम भेट' कोरलेलं आणि खाली देणाऱ्याचं आडनाव. आमचा डबा आईला कुणी दिला होता, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. "आमचा कोणता?" एवढंच ओरडायचं होतं. दोन शब्द. मी तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात रस्त्यावरून आईची हाक आली, "चल, बस चुकेल!" मी सगळ्यांत जवळचा डबा उचलला.

ज्या मुलीला नुसत्या वासावरून वाईनच्या टाक्यांमधला फरक ओळखता येतो म्हणून नोकरीवर घेतलंय, तिनं तो डबा सीबीएसपर्यंत मांडीवर नेला.

"कशी वाटली वस्ती?" बस सुटताना मी खिडकीखालून विचारलं.

"बघू. घरी गेल्यावर सांगते."

आठ वाजता फोन आला. आई रागावली की अहिराणीत जाते.

"हाई काय शे माय?"

"काय?"

"डब्यात! घर दाखवताना ती बाई सांगत होती ती चकलीची भाजणी आहे ही! त्या बाईची अख्खी दिवाळी उचलून दिलीस तू मला!"

मला हसू फुटलं. माझ्या घाबरण्याचा हा दुसरा प्रकार, तक्ते करायला वेळ नसला की होणारा.

"हसतेस काय? एवढी चांगली वस्ती मिळाली होती! मी बसमध्ये यांना म्हणत होते की हो म्हणून टाकू. आता कोणत्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

म्हणजे तिला पटलं होतं. पटलं होतं, आणि मी ते चाकलेटच्या कागदासारखं चुरगाळून टाकलं होतं. मागून पप्पांचा आवाज आला, "अगं, भाजणीचा वास फारच छान आहे." आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डबा एकटाच नाशिकला आला. पप्पांचा एक जुना विद्यार्थी एसटीत कंडक्टर आहे. त्यानं तो पुढच्या सीटखाली ठेवून आणला आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "सरांनी सांगितलंय, उपडा करू नका." मी रिक्षानं म्हसरूळच्या बाजूला निघाले. वाटेत माफीची वाक्यं आधी इंग्रजीत केली, मग मराठीत. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन्ही विसरले.

काकूंनी दार उघडलं, डबा पाहिला आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "आली गं बाई माझी भाजणी!"

"सॉरी काकू, माझीच चूक. मी विचारलं नाही..."

"आधी आत ये. आणि सॉरी मी म्हणायला पाहिजे. तुमच्या गव्हाच्या पोळ्या खातोय आम्ही कालपासून. काय मऊ होतात गं! कुठला गहू?" उत्तराची वाट न बघता त्यांनी मला बसवलं. "कामाला कुठं असतेस?"

"दिंडोरीकडं. ज्यूसच्या..." मी थांबले. "वाईनच्या कंपनीत."

काकूंनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आमच्या ह्यांना सांगू नकोस. रोज तुझ्या दारात उभे राहतील."

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन काकूंच्या हातात देऊन मोकळी झाले. पहिली पाच मिनिटं दोघी एकमेकींची माफी मागत होत्या. मग आई म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. वाटीभर भाजणी मी घेतली. ह्यांना राहवेना, म्हणून दोन चकल्या करून बघितल्या."

"बरं केलंत. कशा झाल्या?"

मी आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. व्हिडिओत माझं फक्त कपाळ येत होतं.

"छान झाल्या," आई म्हणाली. "धणे जरा कमी पडलेत."

मी सोफ्याच्या कव्हरवरची फुलं मोजायला लागले.

"माझ्या सासूबाईंचं प्रमाण आहे हे," काकू सावकाश म्हणाल्या.

"अगंबाई. चांगलंच असणार मग."

"नाही हो." काकूंनी फोन अगदी तोंडाजवळ नेला. "मला सोळा वर्षं हेच वाटतंय. म्हणायचं कुणाला?"

आणि दोघी जे हसायला लागल्या ते थांबेनात. आतून काका काय झालं म्हणून बघायला आले, त्यांना "काही नाही, धणे," असं उत्तर मिळालं. मीही हसत होते, मोठ्यानं, परक्या माणसांच्या घरात. पोट दुखायला लागलं तेव्हा कुठं ते लक्षात आलं.

"मग खालच्या घराचं काय करताय?" डोळे पुसत काकूंनी विचारलं. "कुणीतरी उद्या बघायला येतंय. मी त्यांना काय सांगू?"

आईनं मागे वळून ओट्याकडे पाहिलं. सटाण्यातलं आमचं स्वयंपाकघर पडद्यावर हलत होतं. तिथून निघणं तिला सोपं नव्हतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं.

"पोरीला खाली पाठवा," ती शेवटी म्हणाली. "खिडक्या किती आहेत ते मोजून सांगू दे. आमचे जुने पडदे बसतात का बघायला लागेल."

मी किल्ली आणि फोन घेतला नि जिन्याच्या दोनदोन पायऱ्या उतरले. रिकाम्या खोल्यांमधून फोन हातात धरून पळत एकेक खिडकी उघडत गेले. हॉलमध्ये दोन, मग दोन, मग एक, स्वयंपाकघरात एक, बाथरूममध्ये एक.

"सात! आई, सात आहेत!"

"सात?" आई वैतागली. "सात खिडक्यांचे पडदे धुणार कोण?" आणि तिनं पप्पांना वही आणायला सांगितली.