प्रभुभोजन तहकूब

आमच्या ख्रिस्ती मंडळीत देव आहे की नाही यावरून कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. तो आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. भांडणं व्हायची ती पंख्यांवरून, नाताळच्या मांडवावरून, फार तर स्मशानभूमीच्या कुंपणावरून. त्यामुळे प्रभुभोजनाच्या पावावरून भांडण पेटलं तेव्हा माझ्या वडिलांना मनातून आनंदच झाला असणार. इतक्या वर्षांनी भांडायला एक पवित्र विषय मिळाला होता.

सोनईजवळच्या आमच्या गावात दगडी देऊळ आहे (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), आणि रविवारी त्यात सत्तर-ऐंशी माणसं जमतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पावाचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस. त्याचा पाव सोनईच्या बेकरीतून यायचा. बेकरीवाले मुसलमान, तीन पिढ्या आमचा पाव भाजणारे. शनिवारी आई त्याची कड काढून बोराएवढे तुकडे करायची आणि काळ्या मनुका उकळून, गाळून द्राक्षारस करायची. पप्पा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि मंडळीचे सर्वांत जुने पंच. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, आशीर्वाद मागितला की पप्पा आणि दुसरे पंच ताटं घेऊन बाकाबाकातून वाटायचे. पप्पांची चाल त्या दिवशी वेगळीच असायची. इतर दिवशी गुडघे दुखायचे.

साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण दोन वर्षांपूर्वी पंच झाला. तो राहुरीला कुठल्याशा प्रार्थनासभेला जाऊ लागला होता. लहानपणी कपाळावर पाणी शिंपडलं होतं ते पुरेसं नाही म्हणून मुळा धरणाच्या कालव्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला. ओला होऊन आलेल्या माणसाचा उत्साह काही औरच असतो. मंडळीच्या एका पंचायतीत तो उठला आणि म्हणाला, "प्रभूनं त्या रात्री मोडली ती बिनखमिराची भाकर हुती. पीठ फुगवनारं खमीर म्हंजे पाप. आपन दर महिन्याला लोकांना पाप चारतोय." मग त्यानं पिशवीतून बायकोनं केलेली चपाती काढून टेबलावर ठेवली.

पप्पांनी आयुष्यभर एकच हत्यार वापरलं होतं : "शास्त्रात दाखवा." शास्त्र म्हणजे बायबल. मावशी कॅथलिक घरात दिली होती, तिच्याकडे मेणबत्ती दिसली की, "शास्त्रात दाखवा." कुणी मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जेवण घातलं की, "शास्त्रात दाखवा." आता एका पोरानं शास्त्रात दाखवलं, तर मास्तर म्हणाले, "आमच्या आजोबांपासून पाव आहे. मिशनच्या साहेब लोकांनी घालून दिलेली पद्धत आहे."

"म्हंजे परंपरा," तो म्हणाला.

परंपरा हा शब्द पप्पांना आईवरून दिलेल्या शिवीसारखा लागला. घरी येऊन ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी राहुरीला नोकरी करते आणि दर शनिवारी गावी येते, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मला हप्त्याहप्त्यानं बघायला मिळाला. मी पप्पांना विचारलं, "त्या रात्री प्रभू आणि शिष्य माडीवर जेवले, तेही रेलून. मग तुम्ही दोघंही सकाळी दहाला बाकावर ताठ बसून का खाता?" ते म्हणाले, "बायकांनी मंडळीत गप्प राहावं, हेही शास्त्रात आहे." हे वचन मात्र त्यांना चष्मा न लावताही सापडायचं.

बेकरीवाल्या चाचांच्या कानावर गोष्ट गेली. पाव बांधून देताना ते म्हणाले, "मास्तर, सांगाल तसं भाजून देतो. पन बिगरखमिराचा पाव न्हाई हुत, वीट हुती." या सगळ्या वादात धंद्याचं ज्ञान असलेला हा एकटाच माणूस होता, आणि त्याला मताचा अधिकार नव्हता.

शेवटी सर्व पंचांची बैठक झाली. अर्धे पावाचे, अर्धे चपातीचे. पाळकसाहेबांची वर्षभरात बदली व्हायची होती, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंत तथ्य दिसत होतं. मग पप्पा उभे राहिले. ज्यांच्या मनात भावाविषयी तेढ आहे त्यांनी आधी समेट करावा, मग देवापुढे यावं, असं शास्त्र सांगतं. म्हणून एकमत होईपर्यंत प्रभुभोजन तहकूब ठेवावं, असा ठराव त्यांनी मांडला. पुढचा पहिला रविवार उपाशी गेला की चपातीवाले आपोआप शरण येतील, असा त्यांचा हिशेब. चपातीवाल्यांनीही नेमका हाच हिशेब केला आणि हात वर केले. ठराव सर्वानुमते मंजूर. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी, ही म्हण मी ऐकली होती. तिला सूचक आणि अनुमोदक मिळालेले तेव्हाच पाहिले.

तीन पहिले रविवार कोरडे गेले. कुणी शरण आलं नाही. उलट उपासना अर्ध्या तासानं लवकर सुटते म्हणून बरेच जण खूश होते.

चौथ्या महिन्यात पप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिभेनं शब्द बनेनात, नुसता आवाज यायचा. शास्त्रार्थ करणाऱ्या माणसाला देवानं दिलेली ही शिक्षा, असं चपातीवाल्यांपैकी कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. पावावर श्रद्धा असूनही माझ्या तोंडून तेव्हा जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्याकडे पहिल्या रविवारी दुपारी पाळक आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात. इतकी वर्षं त्यासाठीची पाव-पेल्यांची छोटी लाकडी पेटी पप्पाच पाळकांबरोबर वाहून न्यायचे. आता पहिल्या रविवारी सकाळी घंटा झाली की ते डाव्या हातानं हनुवटी चोळून दाखवायचे. आई त्यांची दाढी करायची, धुतलेला सदरा चढवायची, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसवायची. ते वाट बघायचे. आपलाच ठराव ते विसरले होते का, की आजाऱ्याला ठराव लागू नाही असं त्यांना वाटत होतं, ते मला कधीच कळलं नाही. त्यांना ते हवं होतं, एवढं मात्र आंधळ्यालाही दिसलं असतं.

पाळकसाहेब यायचे. लांबलचक प्रार्थना करायचे, चहा घ्यायचे. पेटी नसायची. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, माझ्या एकट्याच्या हातात नाही. ठराव आहे ना. आणि मांडला कुणी?"

मी त्या तरुण पंचाकडे गेले. तो वाईट माणूस नव्हता. पप्पांचं नाव काढल्यावर त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी म्हटलं, "चपाती द्या. पाव द्या. खारी बिस्कीट द्या. पण त्यांना द्या." तो म्हणाला, "असं कसं ताई. मास्तरांचा शेवटचा ठराव हाय. त्यांच्या हयातीत मोडायचा म्हंजे त्यांचा अपमान हुईल. आमी तेवढा मान राखनार."

सगळं गाव पप्पांचा मान राखत होतं आणि पप्पा दाराकडे बघत बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हसायला मला जमेना.

सातव्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब चहा पिऊन गेले. पप्पांना आत न्यायला मी उठले, तर ते हलेनात. डावा हात खुर्चीला घट्ट धरून दाराकडेच नजर. आई उठली. स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं मनुका उकळल्याचा वास आला. मी आत डोकावले तर ती चहाबरोबर आणलेल्या पावाची कड काढत होती.

आणि इतके महिने सगळ्यांची टिंगल करणारी मी म्हणाले, "आई, पाळकाशिवाय कसं चालेल? असं चालतं का?"

"मला चालतंय की," आई म्हणाली.

मला कळलं नाही. ती गाळणीतून रस गाळत सांगत राहिली. मंडळीत चाळीसच पेले. पहिल्या खेपेचे पेले परत आले की ते विसळून, पुसून, पुन्हा भरून द्यायचं काम तिचं, देवळाच्या बाजूच्या खोलीत. दुसरी खेप संपेपर्यंत बाहेर शेवटचं गीत सुरू झालेलं असायचं. पंच रिकामी ताटं आत ठेवून जायचे. आशीर्वादाचं टाकून द्यायचं नसतं, म्हणून उरलेलं संपव, एवढं सांगायचे.

"मग ताटात दोन-चार तुकडे असायचे, त्यातला एक घ्यायचे," आई म्हणाली. "शब्द सगळे पाठ हुते. मनातल्या मनात म्हनायचे. बत्तीस वर्षं. कुनी दिलं न्हाई म्हनून मी काय उपाशी राहिले न्हाई."

पप्पांचे कान शाबूत होते. स्वयंपाकघर आणि ते बसले होते ती खोली यांच्यात नुसता पडदा.

आई बशी आणि पेला घेऊन त्यांच्यापुढे बसली. हळू आवाजात सगळे शब्द म्हणाली, एकही न चुकता. तुकडा त्यांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. माझं डोकं फिरलं. अजून ठराव? बाईच्या हातून नको? मी जोरात म्हणाले, "पप्पा, आता तरी पुरे करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डाव्या हातानं बशीतला दुसरा तुकडा उचलायला लागले. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा चिमटीत आला, आणि तो त्यांनी आईपुढे धरला. आई त्या तुकड्याकडे बघत राहिली, हे कसं घ्यायचं असतं ते तिला माहीतच नसल्यासारखी. मग तिनं ओंजळ पुढे केली.

मी लहानपणापासून डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत आले. दर पहिल्या रविवारी ताट आलं की पेला उचलायचा, प्यायचा, डोळे मिटायचे. शेजारची जागा रिकामी असायची. आई कुठे आहे, तिला मिळालं का, हे मी कधी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.