एका माइकवर दोघं

माझ्या भिंतीवर एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर आहे. त्यावर साठच्या दशकातले दोन रॉक गायक एकाच माइकवर गातायत. गालाला गाल लागलेत आणि एकाला हसू आवरत नाहीये. पुढे त्यांचं बिनसलं, बँड फुटला. चूक कोणाची, यावर लोक अजून वाद घालतात. घालोत बापडे! ते हसू खरं होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. तसलं हसू माझ्या ओळखीचं आहे. कॉलेजात ही रेकॉर्ड मी आणि दिलीपने मिळून घेतली, तेव्हा तबकडी त्याच्याकडे आणि कव्हर माझ्याकडे, असं ठरलं. आज सकाळीच त्याचा फोन आला, "नवी सुई बसवलीय. कव्हर घेऊन ये."

त्या दोघांना समोर उभं केल्याशिवाय तो अजूनही रेकॉर्ड लावत नाही.