उघडा डावा हात

मी पुसदला विज्ञान शिकवते त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली चौदा वर्षं राजकुमार राठोडनं माझ्या परीक्षानळ्या धुतल्या आहेत. तो आमच्या शाळेचा प्रयोगशाळा सहायक. चौदा वर्षांत त्याच्या हातून एक नळी फुटली नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि आम्लाची बाटली उघडायची तर तोंड असं फिरवून की मान अवघडावी. माणूस भित्रा. मी त्याला तोंडावर म्हणायचे, "राजकुमार, तुझ्यापेक्षा आपल्या बरणीतला बेडूक धीट आहे." तो हसायचा.

त्याच्यासाठी मी तीन स्थळंही आणली होती. तिन्ही वेळा तो हसला आणि बीकर धुवायला निघून गेला. बीकर स्वच्छच होते. मी विज्ञान शिकवते, पण निरीक्षणाच्या नावानं शून्य, हे मला आता कळतं.

त्याचा दोस्त अमर. महागाव तालुक्यातल्या भगवानराव आणि मैनाबाईंचा मुलगा, घरी कापूस आणि तूर. कॉलेजपासून दोघं पुसदला एका खोलीत राहायचे. संध्याकाळी बाजारातून चालले की करंगळीत करंगळी अडकवलेली. मी शंभरदा पाहिलं असेल. त्यात पाहण्यासारखं काय होतं? आपल्याकडे दोस्त असेच चालतात. एका खाटेवर झोपतात, एका ताटात जेवतात, कोणी वळून बघत नाही.

सात वर्षांपूर्वी अमर कॅनडाला गेला, विनिपेग नावाच्या शहरात. तिथं तो पावाच्या कारखान्यात कामाला आहे. गेल्या हिवाळ्यात त्यानं राजकुमारला तिकीट पाठवलं. तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि व्हिसाचा फॉर्म भरायला राजकुमार माझ्याकडे आला, कारण इंग्रजी फॉर्म बघितला की त्याला घाम फुटतो. कोणाकडे उतरणार आणि त्याच्याशी नातं काय, हा प्रश्न आला तेव्हा मी 'मित्र' लिहिलं.

"मॅडम, मित्र लिवलं तं काई विचारतीन का?"

"काय विचारतील? किती जुना, एवढंच."

त्यानं हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी चिडले. पण त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. विमानाला घाबरतोय, असं मी ठरवून टाकलं.

तांड्यावर मात्र आनंदीआनंद. पुसदहून अर्ध्या तासावर त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्याचे वडील भीमसिंग भेटेल त्याला सांगत होते, "आपले आजे-पणजे बैलाच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरले. माहं पोरगं विमानात जाऊन राह्यलं!" आई मोतीबाई कमीच बोलते. तिनं घरच्या कापसाचे हातमोजे शिवले. वरून लाल कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा बारीक टाका. तिथं उणे अठ्ठावीस असतं, त्यापुढे हे कापसाचे मोजे काय टिकणार, असं मी म्हणणार होते. तिच्या डोळ्यांकडे बघून 'छान झालेत' म्हटलं.

पुढचं सगळं त्यानं मला नंतर सांगितलं.

विमानतळावर अमर समोर उभा होता. सात वर्षांनी. राजकुमारनं त्याला मिठी मारली नाही. हात मिळवला, तोही साहेबाशी मिळवावा तसा. अमर म्हणाला, "अबे, इथं कोणी काही म्हनत नाई." आणि नेमकं तेच राजकुमारला घाबरवत होतं. पुसदला दोन बाप्यांनी हात धरला तर कोणाच्या डोक्यात काही येत नाही, म्हणून कोणी काही म्हणत नाही. इथं सगळ्यांच्या डोक्यात येतं आणि तरी म्हणत नाहीत. ज्या आडोशाला तो आयुष्यभर उभा होता, तो या शहरात नव्हताच.

एका कॉफीच्या दुकानाच्या दारावर इंद्रधनुष्यासारख्या रंगीत पट्ट्यांचा कागद चिकटवलेला होता. "हे आपल्यासाठी हाये," अमर म्हणाला. "म्हंजे आत या, भेऊ नका." राजकुमार रस्ता ओलांडून पलीकडे गेला. आत गेलो तर आपण कोण ते बाहेरच्यांना कळेल. अमरला राग आला. बाहेर नाकातला श्वास गोठत होता, आणि हे दोघं दोन फुटपाथांवरून समोरासमोर चालत होते.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी अमर त्याला नदीवर घेऊन गेला. त्या गावातली नदी हिवाळ्यात पार गोठते, लोक तिच्यावरून चालतात, पोरं घसरतात. सगळ्यांची तोंडं गुंडाळलेली. इथं कोण कोणाला ओळखणार, असं राजकुमारला वाटलं आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले. अमरनं उजवा हातमोजा काढला. राजकुमारनं डावा, आईनं शिवलेला. दोघांचे उघडे हात अमरच्या कोटाच्या खिशात गेले. तो मला सांगताना खाली बघत होता. "मॅडम, मोज्यातून हात समजत नाई जी. सात वर्सं झालती."

थोडं चालल्यावर राजकुमार अमरला म्हणाला, "नाक पडून राह्यलं बे माहं."

मागून एक बाई ओरडली, "अगं बाई! तुमी यवतमाळ जिल्ह्याचे का?"

ती सुरभी. माहेर बोरी अरब, लग्न होऊन तिकडे गेलेली, बरोबर नवरा. सहा महिन्यांत तिनं नवऱ्याखेरीज कोणाच्या तोंडून वऱ्हाडी ऐकली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुसदची कोणती शाळा, महागावला पाऊस कसा झाला, तुरीचं काय, सगळं तिनं एका दमात विचारलं. आणि इथं राजकुमारची चूक झाली. आपली बोली कानावर पडली आणि तो क्षणभर पुसदच्या बाजारात जाऊन उभा राहिला. हात खिशातून बाहेर आला, पण सुटला नाही. बाजारात कधी सोडावा लागलाच नव्हता.

"थांबा, फोटो काढू!" सुरभी त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. नवऱ्यानं मोबाइल वर धरला. फोटो काढून झाल्यावर त्याची नजर खाली आली, दोन उघड्या हातांवर थांबली, आणि पुन्हा वर गेली. तो किंचित हसला. कसं हसला, ते राजकुमारला आजही सांगता येत नाही. भलं हसला की वाईट, काही कळलं नाही. त्यानं हात सोडला तेव्हा उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी डबा भरत होते. तिकडे रात्रीचे आठ. त्याचा फोन.

"मॅडम, माहा फोटो आला का तिकडं?"

आला होता. सुरभीनं तो माहेरच्या ग्रुपवर टाकला, 'सातासमुद्रापार आपली माणसं!' असं लिहून. तिथून दारव्हा, तिथून पुसद, तिथून आमच्या शिक्षकांचा ग्रुप. मी बघितला आणि म्हटलं, "छान आलाय. लठ्ठ दिसतोस कोटात."

तिकडून रडण्याचा आवाज आला. छत्तीस वर्षांचा माणूस. मग त्यानं सांगितलं. अमर कोण, ते. एका वाक्यात सांगितलं आणि लगेच म्हणाला, "आता तुमी बी फोन ठेवसान."

मी ठेवला नाही. चौदा वर्षं, तीन स्थळं, आणि बरणीतला बेडूक. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "मूर्खा, त्या बाईला फोटो काढून टाकायला सांग!" मी ओरडले.

"काहून काढू, असं तिनं विचारलं तं काय सांगू?"

ते बरोबर होतं. काढा म्हणणं म्हणजे स्वतःच कबूल करणं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एक काम करा. तांड्यावर जाऊन या. मायबापाचं तोंड पाहून सांगा मले. मले परत येता येते का नाई, तेवढं सांगा."

संक्रांत नुकतीच झाली होती. तिळगुळाचा डबा घेतला आणि रविवारी ऑटोनं निघाले. रस्त्यात मी फोटो किती वेळा मोठा करून पाहिला असेन, सांगता येत नाही. आधी मला जे दिसलं नव्हतं त्याखेरीज आता फोटोत दुसरं काही दिसेचना. कोणी खाली काय लिहिलंय ते वाचत होते. 'मस्त', 'जय विदर्भ', हात जोडलेले. एकानं नुसते हसरे चेहरे टाकले होते. तो कोण, कशाला हसला, यात मी अर्धा तास घालवला. राजकुमार ज्यात जगत आला ते मला एका रविवारात कळलं, आणि मला ते सोसत नव्हतं.

भीमसिंगांनी तांड्याच्या मुखियासकट, म्हणजे नायकासकट, सगळ्यांना फोटो दाखवला होता. "पाहा, परमुलखात बी दोस्तानं हात सोडला नाई!" ते म्हणाले. चार म्हातारे माना डोलवत होते. कोणाला काही दिसलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिळगूळ वाटला, चहा घेतला, उठायच्या बेतात होते.

मोतीबाई आतून आली. "मॅडम, फोटो मोठा करून द्या ना मले."

मी करून दिला. मुलाचा चेहरा बघेल असं वाटलं. तिनं बोटानं फोटो वर सरकवला आणि हातांपाशी थांबली. राजकुमारच्या उजव्या हातात तिचा लाल मोजा होता. डावा हात उघडा, अमरच्या उघड्या हातात. त्या बाईच्या दोन्ही हातांत मोजे. मागच्या पोरांच्याही.

"एवढ्या थंडीत यानं हातमोजा काहून काढला?"

"फोटो काढायला असेल," मी म्हटलं.

"फोटो तं दुसऱ्यानं काढला." ती तशीच बघत राहिली. "या पोराचा बी एकच काढेल हाये."

मी तिळगुळाचा डबा उगाच उघडून पुन्हा लावला. तिनं मोबाइल परत दिला. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, बहुतेक जे हवं ते तिथंच तिला मिळालं, आणि ती चुलीकडे गेली.

राजकुमारला मी सांगितलं, "सगळं ठीक आहे, ये." खोटं सांगितलं. उरलेले दिवस मला झोप नव्हती. भीमसिंगांच्या कानावर तिनं घातलं तर? नायकापुढे बैठक बसली तर? आणि मीच त्याला ये म्हटलं होतं.

तो फेब्रुवारीत आला. पहिले दोन दिवस शाळेत नुसता बाटल्या पुसत राहिला. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि सांगितलं.

घरी पोचला तर तो फोटो भिंतीवर. मोतीबाईनं पुसदच्या स्टुडिओतून मोठा करून आणला होता. चौकट केलेली. पण त्यात तिघंही फक्त छातीपर्यंत. खालचा भाग तिनं शिवणाच्या कात्रीनं कापून टाकला होता, अगदी सरळ. वडील बाहेर गेले होते. त्यानं आईला तांड्याच्या बोलीत विचारलं, "याडी, खालचं कुठं गेलं?"

"माह्यापाशी हाये. पेटीत."

ती भाकरी थापत होती. वर न बघता तिनं विचारलं, "त्या पोराच्या मायले माहीत हाये का?"

"नाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"मंग तिले सांगू नको म्हन त्याले," ती म्हणाली. "माहीत झालं का लय भेव वाटते."