वहिनींना मी सांगितलेला अर्थ

माझा मित्र शिवाप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर शिकवत होतो. फळ्यावरचं वाक्य अर्धवट टाकून सिरसाळ्याला, त्याच्या गावी पोचलो. त्याला आता पाच आठवडे झाले… त्याच्या घरी मला अजून धड बसवत नाही, आणि ते नुसत्या दुःखानं नाही.

शिवाप्पाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सुट्या भागांच्या खोक्यांवरचं वाचता यावं म्हणून त्यानं चिनी भाषा धरली आणि मलाही ओढलं. बघता बघता आम्ही वरच्या परीक्षेच्या शब्दांना भिडलो. त्यातले मनाच्या अवस्थांचे शब्द त्याला फार आवडायचे. 'थान-थ' म्हणजे धाकधूक. लिहिताना 'काळीज' या अक्षरावर एकदा 'वर' आणि एकदा 'खाली' ही अक्षरं बसवायची. "बघ बे गुर्जी, काळीज वरखाली हुतंय ते कागदावर दिसतंय," तो म्हणायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या. अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. शनिवारी शाळा सुटली की मी जायचो, वेळ जावा म्हणून त्याला शब्द विचारायचो. पुढं पुढं तो न विचारताच बोलू लागला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पायाशी बसलेल्या असायच्या. त्यांच्यादेखत मराठीत बोलवत नव्हतं, ते तो चिनीत बोलायचा. एकदा माझं मनगट धरून म्हणाला, "ज्युएवांग." म्हणजे आता कसलीही आशा उरली नाही.

"काय म्हनले ओ भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"समदं नीट हुईल म्हनतोय," मी म्हणालो. शिवाप्पानं नुसते डोळे मिटून घेतले.

तो गेल्यावर आठ दिवसांनी वहिनी मला म्हणाल्या, "शेवटी लई तगमग हुती त्यांची. मला त्या चिनीतलं दुसरं काय येत न्हाई, मंग तुमी अर्थ सांगितलेला त्यो एकच शब्द त्यांच्या कानात म्हनले. सारखा म्हनले. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् डोळ्यातून पानी आलं… समजलं असंल ना ओ त्यान्ला?"

"समजलं," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

काय करू? खरं सांगितलं तर या बाईजवळ त्या शेवटच्या घटकेचं काय उरेल? आणि गप्प राहून मला तरी कुठं जगता येतंय…

परवा सकाळी गेलो, तर थोरली लेक बारावीच्या पेपरला निघाली होती. वहिनींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोच शब्द म्हणाल्या, अगदी शिवाप्पाच्या उच्चारात. पोरगीही तो म्हणत पायऱ्या उतरली.

"रोज म्हनतो आमी," वहिनी म्हणाल्या. "बरोबर म्हनतो ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.