ढोबळे काका आणि डोंगरावरची रायफल

ढोबळे काका काल वारले.

अमेरिकेत हातात रायफल घेऊन फोटो काढलेले माझ्या ओळखीतले एकमेव पेन्शनर.

२००६ चा उन्हाळा. मी अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात मास्टर्स करत होतो. काका म्हणजे आमच्या लॅबमधल्या वैशालीताईचे बाबा. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत उभा जन्म गेलेला. लेकीकडे पहिल्यांदाच आले होते.

ताईने नायगारा बुक केला होता.

"पाणी पाहाले इतक्या दूर कायले जायचं?"

काकांना वेस्ट व्हर्जिनियातला एक डोंगर बघायचा होता. १९२१ साली तिथे हजारो खाणकामगार युनियनच्या हक्कासाठी गळ्यात लाल रुमाल बांधून, बंदुका घेऊन मालकांच्या माणसांवर चालून गेले होते. काकांनी तरुणपणी युनियनच्या शिबिरात ऐकलेलं.

नायगारा कॅन्सल केला. गाडी माझी, म्हणून ड्रायव्हरही मीच.

डोंगरावर काय होतं?

झाडं.

काकांनी खिशातून लाल रुमाल काढला, गळ्यात बांधला आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून घोषणा दिली. खणखणीत. मराठीत.

तेवढ्यात एक पिकअप ट्रक थांबला.

९/११ नंतरचा तो काळ असा, की आम्ही देशी लोक गॅस स्टेशनवरसुद्धा हळू बोलायचो.

"बाबा, रुमाल काढा!" ताई कुजबुजली.

ट्रकमधून एक धिप्पाड म्हातारा उतरला. "यू फोक्स लॉस्ट?"

"नो लॉस्ट," काका पुढे झाले. "कोल माइन. मी. अंडरग्राउंड." आणि बाही वर सारून हातावरचा निळा व्रण दाखवला. जखमेत कोळशाची भुकटी राहिली की तो रंग जन्मभर जात नाही.

म्हाताऱ्याने निरखून पाहिलं. मग स्वतःची बाही वर केली.

सेम.

त्याचं नाव रॉय. थोड्या वेळात आम्ही त्याच्या घरी. काकांनी डब्यातला ठेचा दिला. रॉय लालबुंद झाला, येशूला हाक मारली, आणि परत मागितला.

मग आतून आजोबांची रायफल घेऊन आला. त्याच लढाईतली.

काकांनी ती खांद्याला लावली.

"बाबा, व्हिसा!" ताई किंचाळली.

मी फोटो काढला.

"देन? हू विन?" काकांनी विचारलं.

रॉय म्हणाला, सैन्य आलं. सैनिक म्हणजे आपलीच पोरं, त्यांच्यावर गोळी कोण झाडणार? आजोबा बंदूक लपवून घरी परतले.

"त्याले विचार, लोकं गद्दार म्हणले का आजोबाले?"

मी विचारलं.

रॉयने नकारार्थी मान हलवली. "घरी लेकरं होती. सगळ्यांनाच होती."

काकांनी रायफल रॉयच्या हातात परत दिली.

परतताना ताईने सांगितलं. काकांच्या खाणीत मोठा संप झाला होता. लाठ्या पडल्या, घरोघरी चुली विझल्या, आणि नेता म्हणून काकांनी तो मागे घेतला. जिवलग दोस्त रामटेके त्यांना भर सभेत गद्दार म्हणाला. तेव्हापासून बोलणं बंद.

पुढच्या गॅस स्टेशनवर काकांनी ताईचा फोन मागितला. चंद्रपुरात तेव्हा सकाळ होती.

"अबे रामटेक्या, ठेवू नको! अमेरिकेतून बोलून राह्यलो. शिव्या मंग देजो."

तो थांबला नाही. शिव्या आम्हाला गाडीत ऐकू येत होत्या. काका शांतपणे ऐकत राहिले. मग डोंगराची सगळी गोष्ट सांगितली.

मग दोघं म्हातारे लहान पोरांसारखे रडत होते. मधूनच हसत होते.

काल ताईचा चंद्रपूरहून फोन आला. म्हणाली, रामटेके काकांचे गुडघे पार गेलेत, पण बाबांना उचलताना सगळ्यांशी भांडले. पुढचा खांदा माझाच, म्हणून.

दिला त्यांनी.

ढोबळे काका, या पोट्ट्याचा शेवटचा नमस्कार.