व्हर्डी सटल्सचा संप

सोळाव्या वर्षी व्हर्डी सटल्सनं मुकादमाचं नाक फोडलं. साच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या रांगेत त्यानं तिला मागून मिठी घातली. तिच्या हातात आडवा धागा नेणारा धोटा होता, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तिनं वळून तो असा हाणला की गडी गुडघ्यांवर बसला आणि पांढऱ्या कापडावर रक्ताची चिळकांडी उडाली. बोलणी तिलाच बसली, पण त्यानंतर केलर शोल्सच्या गिरणीत तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. गेला फक्त क्लीट, साचे दुरुस्त करणारा, मुखदुर्बळ माणूस. त्यानं लांबूनच विचारलं, "मारणार नसशील तर एक बोलू का?" वर्षभरात त्यांचं लग्न झालं.

साउथ कॅरोलायनातलं ते गाव म्हणजे गिरणीच. घरं गिरणीची, दुकान गिरणीचं, पाद्र्याचं पोटही गिरणीवरच. व्यवस्थापक प्रुइट साहेब हाच नगराध्यक्ष. मंदी आली तेव्हा त्यानं निम्मी माणसं काढली आणि उरलेल्यांच्या गळ्यात दुप्पट साचे बांधले. बाया साच्यांपाशी चक्कर येऊन पडायच्या. फाटकाबाहेर रोज सकाळी माणसांचा घोळका उभा असायचा, आतला एखादा पडला तर आपली वर्णी लागेल म्हणून. मक्याची भाकरी आणि खारवलेली चरबी, दोन्ही वेळा तेच. त्या निकस खाण्यानं पोरांच्या हातांची सालं निघायची. व्हर्डीचा धाकटा भाऊ हॉइट लाकडाच्या वखारीतल्या कामावरून काढला गेला होता. त्याची मधली मुलगी त्याच सालपट रोगानं गेली.

मग देशाला नवे अध्यक्ष आले. त्यांचं भाषण असलं की रेडिओवाल्या शेजाऱ्याच्या ओसरीत अख्खी आळी जमायची. बँका सावरल्या, बेकारांना सरकारी कामं निघाली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कायदा झाला: आठवड्याला चाळीस तास काम, ठरलेल्यापेक्षा कमी पगार नाही, आणि कामगाराला संघटना करायचा हक्क. व्हर्डीनं वर्तमानपत्रातला अध्यक्षांचा फोटो कापून चुलीवरच्या भिंतीला लावला.

"तो वॉशिंग्टनात बसलाय," क्लीट म्हणाला. "इथं प्रुइट बसलाय."

"कायदा दोघांच्या वरती आहे."

"कायद्याला हात असतात होय? इथं हात शेरीफचे."

क्लीटचं खरं निघालं. प्रुइटनं कायदा पाळतो म्हणून निळ्या गरुडाचं सरकारी चित्र फाटकावर डकवलं, आणि चाळीस तासांत पंचावन्न तासांचं काम काढून घ्यायला लागला. संघटनेत नाव घातलं की माणूस घरासकट रस्त्यावर. व्हर्डी तरी घरोघर फिरली. "अध्यक्षांनी परवानगी दिली आहे, तुम्ही कुणाला भिताय?" म्हणायची. बायका आधी आल्या. मग लाजेखातर पुरुष.

एकोणीसशे चौतीसच्या सप्टेंबरात सगळ्या दक्षिणेतल्या गिरण्यांनी संप पुकारला. केलर शोल्सचे साचेही थांबले. प्रुइटनं शेरीफकडून बेकार माणसांना शिपायाचे बिल्ले देववले आणि हातात बंदुका. रविवारी हॉइट बहिणीकडे जेवायला आला तो बिल्ला लावून, बंदूक घेऊनच. व्हर्डीनं घेवड्याची वाटी त्याच्यासमोर आपटली.

"बंदूक कुणी दिली?"

"प्रुइट साहेबांनी. संप मोडला की साच्यावर घेतो म्हणालेत."

"कुणाच्या साच्यावर? माझ्याच ना?"

हॉइटनं मान खाली घातली. "मी गोळी घालणार नाही गं. नुसतं उभं राहायचं आहे."

"नुसतं उभं राहायला बंदूक कशाला? बुजगावण्याला नाही लागत."

"तुझ्या अध्यक्षाला सांग ना मग, माझ्या पोरांना खायला घाल म्हणून," हॉइट म्हणाला. "एक गेली. अजून तीन आहेत."

क्लीटनं भाकरीचा तुकडा मेहुण्याकडे सरकवला.

गुरुवारी सकाळी धुकं विरायच्या आत फाटकावर गर्दी झाली. प्रुइटनं बाहेरगावची माणसं आणली होती आणि त्यांना आत घेऊन साचे चालू करायचा त्याचा बेत होता. संपवाल्यांनी खांद्याला खांदा लावून वाट अडवली. बऱ्याचजणांच्या हातात साच्यातला धोटा मारायचा हिकरीच्या चिवट लाकडाचा दांडा होता. प्रुइट फाटकाच्या आत, पायरीवर उभा राहून म्हणाला, "व्हर्डी, ही माणसं तुझं ऐकतात. घरी ने त्यांना."

"घर तुमचं आहे साहेब. तुम्हीच जा," व्हर्डी म्हणाली. लोक हसले.

ते हसणं प्रुइटला झोंबलं. त्यानं हातानं खूण केली. एका शिपायानं पुढं होऊन सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्या झाडूवाल्याच्या टाळक्यात दंडुका घातला. म्हातारा पोत्यासारखा कोसळला. शिपायानं दुसऱ्यांदा दंडुका उचलला तोच व्हर्डीचा दांडा त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडला. मग कोण कुणाला मारतंय याला धरबंध राहिला नाही. दात पडले, डोकी फुटली. एक बाई शिपायाच्या कानाला दातांनी लोंबकळत होती.

तेवढ्यात गिरणीच्या खिडक्यांतून शिपायांच्या गोळ्या सुटल्या.

लोक पाठ फिरवून पळाले, आणि गोळ्या पाठीतच लागल्या. क्लीटनं व्हर्डीला दंडाला धरून ओढलं. "चल, व्हर्डी, चल," एवढंच तो म्हणत होता. मग त्याचा हात सैल झाला. तो तोंडावर पडला होता. तिनं त्याला उलथा केला तेव्हा त्याच्या सदऱ्याचा पुढचा भाग उरलाच नव्हता. तिनं दोन्ही तळवे त्याच्या छातीतल्या भोकावर दाबून धरले. रक्त बोटांच्या फटींतून येत राहिलं. मग येईनासं झालं.

ती उठली तेव्हा कुंपणापाशी हॉइट उभा होता, बंदूक छातीशी धरून.

"मी नाही झाडली," तो म्हणाला. "नळी बघ. हात लावून बघ."

तिनं हात लावला. नळी थंडगार होती. तिनं ती दोन्ही हातांनी धरून हिसकली आणि बंदुकीचा दस्ता भावाच्या तोंडावर घातला. तो पडला. पडल्यावर अजून एकदा घातला. हॉइटनं हात वर केले नाहीत. त्याचा डावा डोळा तिथंच गेला.

सहाजण मेले. पाद्र्यानं चर्च उघडलं नाही, म्हणून प्रेतं मक्याच्या शेतात ठेवून प्रार्थना झाली. संप आणखी दोन आठवडे टिकला. मग अध्यक्षांनी नेमलेल्या समितीचा अहवाल आला, सगळ्यांनी कामावर परत जावं, कुणावर सूड उगवू नये असं अध्यक्षांनी सांगितलं, आणि संघटनेच्या पुढाऱ्यांनी विजय झाला म्हणून संप मागे घेतला. प्रुइटनं व्हर्डीचं सामान चिखलात फेकायला लावलं. चुलीवरचा फोटो भिंतीलाच राहिला. ती आणायला गेली नाही.

गोळीबाराची चौकशी तालुक्याच्या कचेरीत झाली. व्हर्डीनं जे घडलं ते सांगितलं. मग कुणीही न बोलावता हॉइट उठला, डोळ्यावर पट्टी बांधलेला. "गोळी घाला असं प्रुइट साहेबांनी सांगितलं," तो म्हणाला. "मी शेजारी होतो. म्हणाले, पायांवर नको, वाया जाते."

प्रुइटच्या वकिलानं विचारलं, "तुझा डोळा कुणी फोडला?"

"पडलो," हॉइट म्हणाला.

ज्यूरीत सगळी प्रुइटची माणसं. सगळे शिपाई सुटले. हॉइटला पुन्हा कुणी काम दिलं नाही, व्हर्डीलाही नाही. तिनं सरकारी शिवणकेंद्रात बेकारांसाठी कपडे शिवून पोट भरलं. त्या पैशातून दर शनिवारी हॉइटच्या दारात पिठाची पिशवी ठेवायची. माफी तिनं मागितली नाही, त्यानंही कधी मागू दिली नाही. अध्यक्षांना तिनं पुढच्या तिन्ही निवडणुकांत मत दिलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "मत त्यांना आहे. क्लीटचा हिशेब वेगळा."

दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांना हात कमी पडले तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात तिला पुन्हा साचा मिळाला. तोवर चाळीस तासांचा कायदा पक्का झाला होता. भोंगा झाला की ती धोटा खाली ठेवून चालू लागायची, मुकादम काही बोलत असला तरी.

युद्ध संपल्यावर काही वर्षांनी हॉइट गेला, फुफ्फुसाच्या दुखण्यानं. तिनं त्याला क्लीटच्या शेजारी पुरलं. प्रुइटच्या घरून फुलांचं मोठं चक्र आलं होतं. प्रार्थना चालू असताना व्हर्डीनं ते उचललं, पायाखाली घालून मोडलं आणि कुंपणापलीकडच्या गुरांपुढं फेकलं. पाद्री थांबला.

"चालू द्या," ती म्हणाली.