आत्याआजीचं अर्धवट रेकॉर्डिंग
थांबा, हे आत्ता सांगितलं नाही ना तर माझं डोकं फुटेल! आज इथे कुवेतमध्ये, एगैलाच्या मॉलमध्ये डेटॉलचा वास आला आणि थेट सातवीतला प्रोजेक्ट आठवला. आमच्या आयरिश टीचरची पणजी एकटी बोटीने अमेरिकेला गेली, जंगलात घर बांधून राहिली. ते सगळं सांगून टीचर म्हणाल्या, तुमच्या घरातून परदेशी गेलेल्या पहिल्या बाईची गोष्ट आणा. आमच्यात ती बाबांची आत्या, नर्स. ड्युटीवरून येऊन डेटॉलने हात धूत होती. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. “आत्याआजी, कुवेतला कशी आलीस गं?” “विमानाने.” “तसं नाही गं! भीती वाटली?” “वाटून कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी ड्युटी होती.” इतकी वैतागले मी! आज घरी येऊन ते रेकॉर्डिंग शोधून ऐकलं. शेवटी ती हळूच म्हणते, “पहिल्या दिवशी हॉस्टेलवर ना, मी...” आणि त्यावर माझाच आवाज, “जाऊ दे, तुझ्याकडे स्टोरीच नाहीये!” तिथेच रेकॉर्डिंग बंद. रिटायर होऊन ती आता रत्नागिरीला असते. लगेच फोन लावला, माझं नाव सांगितलं, तरी आत्याआजी मलाच विचारते, “तू कोणाची गं?” तुम्हीही कोणाला असं मध्येच तोडलंय का?